नलूला कुठे घालायचं

मालाड, ८ मार्च १९५४
नलूला जूनपासून शाळेत घालायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. हे "बघ बाई" म्हणाले आणि दाढी करायला बसले. सासूबाई म्हणाल्या, "शिकून मामलेदार व्हायचंय का तिला? आधी चार शब्द धड बोलू दे."
चार शब्द! पाचवं वर्ष अजून सरायचंय आणि पोरगी अख्खा पेपर वाचते. कोणी शिकवलं नाही. हे सकाळी जमिनीवर पेपर पसरून वाचतात, ती समोर बसते. तिकडून अक्षरं उलटी दिसतात, तशीच ती शिकली. सुलट दिलं तर कागद फिरवून घेते. पण तहान लागली की मला विचारते, "तुला पाणी हवंय?" स्वतःला 'मी' म्हणत नाही. लोक हसतात. मी पाणी देते. त्यात न कळण्यासारखं काय आहे?

१३ मार्च
अंधेरीचं बालमंदिर. नाव मोठं, बंगला मोठा, भिंतीवर मुलांविषयी सुविचार टांगलेले. मुख्य बाई विमलताई. बोलतात अशा की आपण आजारी आहोत आणि त्या भेटायला आल्यात.
'शांतीचा खेळ' चालला होता. सगळी मुलं डोळे मिटून, ताई कुजबुजत एकेकाचं नाव घेणार, त्याने चवड्यांवर चालत जायचं. नलूचं नाव तीनदा कुजबुजल्या. नलू जागची हलली नाही. मग उठली, भिंतीपाशी गेली, पाठ करून खाली वाकली आणि दोन पायांतून वर बघत सुविचार खणखणीत वाचला. "बालक हे देवाघरचे फूल, त्यास प्रेमाचे पाणी घाला." फ्रॉक डोक्यावर. मुलं डोळे उघडून टाळ्या पिटायला लागली. शांती संपली.
भिंतीवरची पाटी फिरवता येत नाही, मग तिने स्वतःला फिरवलं. मला तर हुशारी वाटली. विमलताईंना दिसली फक्त चड्डी. "अहो, मुलीची जात!"
मग मला बाजूला घेऊन, हळू आवाजात, "घरात काही ताण आहे का? आईची माया कमी पडली की मुलं अशी अक्षरांकडे वळतात."
देवाघरच्या फुलांच्या माळीणबाई! हे मनातच. बोलले असते तर दार तिथेच बंद झालं असतं.

१५ मार्च
ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "आधी नमस्कार करायला शिकव तिला." नवऱ्यांचा उपाय.
थोरले दीर काल दादरहून आले होते, डॉक्टर. खुर्चीतून न उठता नलूकडे बघितलं. "मंद आहे. स्वीकारा." मंद मुलगी तेव्हा त्यांच्यासमोर बसून त्यांच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचत होती. ह्यांनी मान डोलावली. थोरल्या भावासमोर ह्यांची मान दुसरं काही करतच नाही.

२० मार्च
इथलीच इंग्रजी शाळा, सिस्टर लोकांची. ऑफिसात मेणाचा वास, सिस्टरच्या कपाळावर आठी कायमची.
"व्हॉट इज युअर नेम?"
नलू, त्याच आवाजात, त्याच आठीसकट, "व्हॉट इज युअर नेम?"
"सिट डाउन."
"सिट डाउन."
सिस्टर लाल. नलू चिडवत नव्हती. ऐकलं ते परत देते ती, घरीही. हे सांगायचं होतं, पण मला हसू फुटलं. तोंडावर पदर धरूनही थांबेना. प्रवेश गेला. पण पाच वर्षांची पोर आपल्याला वेडावते आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्या हाती मुलं कोण देतं हो? सगळं मालाड देतं. रांग लागली होती.

२९ मार्च
उरल्या पाटणकरबाई. आमच्या गल्लीच्या टोकाला, स्वतःच्या ओटीवर पोरं सांभाळतात. त्याला 'वर्ग' म्हणतात. बाई दिवसभर क्रोशाचे रुमाल विणतात, पोरं वाटेल ते करतात. फळा आहे, त्यावर धोब्याचा हिशोब. मी म्हटलं, ही जरा वेगळी आहे. बाई मानही वर न करता, "असू दे. कोपऱ्यात बसते ना? बसू दे."
बसली. बाकाखाली शिरून डब्यांची झाकणं मांडत बसली. मी निघाले तरी रडली नाही.
शाळा कसली, कोंडवाडा. पण दुसरं काही मिळेपर्यंत...

९ एप्रिल
आज न्यायला लवकर गेले. बघते तर नलू स्टुलावर उभी, हातात उलटा पेपर, आणि समोर गल्लीतल्या पाचसहा बायका. बाजारभाव वाचत होती. बायका खिदळतायत, "अगंबाई, उलटा बघ, उलटा!" पाटणकरबाई मालकिणीसारख्या मध्ये.
मी पेपर हिसकावला. म्हटलं, "माकडाचा खेळ मांडलाय काय?" बाई म्हणाल्या, "रागावता काय? कौतुकच करतोय."
हे कौतुक! ह्याच बायका नळावर तिला वेडी म्हणतात.
घरी येईपर्यंत नलू किंचाळत होती. आल्यावर दारावर डोकं आपटलं. सासूबाई म्हणाल्या, "तिथे बरी होती की." मी पेपर हिसकावला तेव्हा तिचे हात फडफडत होते. खुशीत असली की फडफडतात. ते मला दिसलं होतं.

१७ एप्रिल
विमलताई स्वतः आल्या! चहा घेतला, सासूबाईंच्या पाया पडल्या. नलूला घ्यायला तयार आहेत, पण अट. वर्षभर घरात अक्षर तिच्या नजरेला पडता कामा नये. पेपर, पुस्तक, कॅलेंडर, काही नाही. "आधी तिला मूल बनू दे." जणू आता ती मांजर आहे.
हे खूश. "नावाजलेली शाळा आहे, कुसुम. लोक वशिले लावतात." सासूबाईही खूश, पाया पडल्यामुळे.
मलाही, खरं सांगायचं तर, क्षणभर... चांगली गणवेशातली मुलगी, चार मुलांच्यात. मग स्वतःचीच चीड आली.

१९ एप्रिल
ह्यांनी प्रयोग लगेच सुरू केला. पेपर गादीखाली. रोजच्या वेळेला नलू येऊन समोर बसली. मध्ये नुसती फरशी. तिने फरशीवर हात फिरवला. ह्यांच्याकडे बघितलं. ती सहसा कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. म्हणाली, "तुला पेपर हवाय?"
हे म्हणाले, "आज आला नाही, बाळ."
परत, "तुला पेपर हवाय?" रडली नाही. विचारतच राहिली, एकाच सुरात.
मी स्वयंपाकघरातून बघत होते. मनात म्हटलं, आता डोलवा मान. हे उठले, गादीखालून पेपर काढला, तिच्यासमोर पसरला आणि अंघोळीला गेले. ऑफिसला निघताना एवढंच, "मला नाही जमायचं. तुला जमत असेल तर बघ."
लग्नाला आठ वर्षं झाली. आज पहिल्यांदा ह्यांच्याविषयी काही वाईट लिहावंसं वाटत नाही.

१४ जून
शाळा उघडल्या. विमलताईंचा निरोप आला, जागा शनिवारपर्यंतच धरून ठेवतील. गणवेश शिवून आलाय, विमलताईंची घाई बघून मीच एप्रिलात शिवायला टाकला होता. अटीविषयी हे आता बोलत नाहीत. मीही नाही.
नलूला घेऊन पाटणकरबाईंकडे गेले, एप्रिलनंतर पहिल्यांदाच. फाटकातच म्हटलं, "पोरीला स्टुलावर उभं करायचं नाही. कोणापुढे वाचायला लावायचं नाही. कबूल असेल तर ठेवते."
बाईंनी सुई थांबवली नाही. "मी कुठे उभं करते? तीच चढते."
"मग उतरवा."
"उतरवते हो. परत चढते. बायका आल्या नाहीत तर वाट बघते."
खोटं बोलत असेल. आळशी बाई, सोयीचं तेच बोलणार. पण नलू माझा हात सोडून केव्हाच आत गेली होती.
फाटक लावून थोडी पुढे आले. मागून तिचा खणखणीत आवाज. मग बायका हसल्या. थांबून ऐकत राहिले. त्या हसण्यात नलूचं हसू आहे का, काही केल्या कळेना.