चौतीस नंबरची पॅन्ट

प्रिय भोंग्या,

रविवारी तुझा फोन ठेवला तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल एका गिऱ्हाईक बाईंच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. पंचवीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. बाई आरशासमोर उभ्या, एक हात बाहीत, दुसरा अडकलेला, आणि मी नुसती बघत राहिले. तुझे दाजी म्हणाले, अगं, उद्या दुकान बंद ठेव, नाहीतर कुणाच्या तरी पॅन्टला बाह्या लावशील. म्हणून आज शटर अर्धं ओढून कटिंगच्या टेबलावर लिहायला बसले आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मध्येच हसवतोस आणि विषय तिथेच राहतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे वाचताना उगाच तर्क करत बसणार नाहीस. मला तुझ्या जिवाची भीती वाटते आहे. आणि त्या भीतीत माझाही हात आहे, पण तिथपर्यंत यायला मला थोडा वेळ दे.

आधी माझं सांगते. मागच्या महिन्यात व्हिडिओवर मला बघून तू ओरडलास, ताई, तू तर अर्धी झालीस, आजारी आहेस का? मी म्हणाले, रोज सकाळी फिरायला जाते. फिरायला जाते हे खरंच आहे, पण नुसत्या फिरण्याने माझे चौदा किलो उतरले नसते रे. मी इंजेक्शन घेते. आठवड्यातून एकदा, दर सोमवारी, पोटावर, माझं मीच टोचते. सात महिने झाले. तुला सांगितलं नाही कारण लाज वाटली. जन्मभर दुसऱ्यांच्या कमरेला टेप लावणारी बाई आता स्वतःच्या कमरेसाठी सुई घेते, असं म्हणून तू बायकोसमोर खिदळशील असं वाटलं. तुझं ते खिदळणं तीन घरं पलीकडे ऐकू जातं. उगाच नाही लहानपणी सगळी आळी तुला भोंगा म्हणायची.

सुरुवात झाली ती सुईत दोरा ओवता येईना म्हणून. चष्मा बदलला, पंधरा दिवस बरे गेले, मग पुन्हा सगळं धूसर. चष्मेवाल्याकडे परत गेले तर नंबर पुन्हा बदललेला. तो भला माणूस म्हणाला, काकू, मी तुम्हाला तिसरा चष्मा विकणार नाही, आधी रक्तातली साखर बघून या. मी त्याच्यावर चिडले. मला साखर? चहासुद्धा मी बिनसाखरेचा घेते! पण गेले. तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पूर्णांक नऊ निघाली, जिथे साडेसहालाच डॉक्टर मधुमेह म्हणतात. लिव्हरवर चरबी, रक्तदाब वाढलेला. डॉक्टरीणबाई कागदावर बोट ठेवून एकेक आकडा समजावत होत्या आणि माझ्या तोंडाला कोरड पडली होती. आता झापणार, मी म्हणजे तोंडावर ताबा नसलेली बाई असं म्हणणार, म्हणून मी मान खाली घालून बसले. त्यांनी झापलंच नाही. पाणी प्या म्हणाल्या, आणि मग एक चित्र काढून दाखवलं.

ते मला समजलं तसं तुला सांगते. आपण जेवलो की आतड्यातून दोन हार्मोन रक्तात सुटतात. त्यांची नावं लांबलचक आहेत, मला पाठ नाहीत. साखर वाढलेली असली की ते स्वादुपिंडाला सांगतात, इन्सुलिन सोड. मेंदूला सांगतात, आता पुरे. त्यातलं एक जठरालाही सांगतं, जरा सावकाश. माझ्यासारख्यांच्या शरीरात हे निरोप नीट पोचत नाहीत. या इंजेक्शनातलं औषध त्या दोन्ही हार्मोनांचं काम एकदम करतं. म्हणून वजन उतरतं, आणि वजनाबरोबर साखर, रक्तदाब, लिव्हरची चरबी, सगळंच खाली येऊ लागतं. माझी सरासरी आता सहा पूर्णांक एक आहे आणि चष्म्याचा नंबर चार महिने हललेला नाही.

जादू नाही हं ही. पहिल्या महिन्यात इतकी मळमळ व्हायची की एकदा माप घेताघेता टेप टाकून मोरीकडे पळाले होते. बद्धकोष्ठाचं तर विचारूच नकोस. डोस अगदी लहान सुरू केला, मग महिन्या-महिन्याने वाढवला. सुरू करण्याआधी डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं, घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का. सगळ्यांना हे औषध चालत नाही. चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणून रोज अंडी, डाळी आणि खुर्चीतून हात न टेकता वीस वेळा उठबस. तुझे दाजी समोर बसून मोजतात आणि मुद्दाम सतरानंतर पुन्हा पंधरा म्हणतात. आणि औषध सोडलं की वजन बऱ्याचदा परत चढतं, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

पण मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो भुकेचा. तुला ठाऊक आहे, माझ्या मशीनच्या शेजारी बिस्किटांचा डबा असतो. अकरा वाजले की मन तिकडे. एक खाल्लं की दुसरं, दुसरं खाल्लं की आता खाणार नाही अशी शपथ, आणि शपथेनंतर तिसरं. इंजेक्शन सुरू झाल्यावर एका सकाळी डबा उघडला तर बिस्किटं मऊ पडलेली. चार दिवस मी त्याला हातच लावला नव्हता, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं! मी तशीच स्टुलावर बसले. डोक्यात सतत चालणारी ती कटकट, आता काय खायचं, किती खाल्लं, उद्यापासून बंद, ती गप्प झाली होती. आनंद व्हायला हवा होता. मला आला राग. चाळीस वर्षं मी स्वतःला हावरट म्हणत आले आणि तो माझा स्वभाव नव्हताच की काय? मी ढसाढसा रडले.

रडले ते माझ्यासाठी कमी आणि बाबांसाठी जास्त. आठवतं, ते दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागले की आपण दोघं त्यांचे घास मोजायला लागायचो. आई भांडं उचलून आत न्यायची. ते ओशाळं हसायचे आणि ताटातली शितं बोटाने गोळा करत बसायचे. चोपन्नाव्या वर्षी ते गेले तेव्हा त्यांना साखर होती हे आपल्याला हॉस्पिटलच्या कागदावरून कळलं. माणूस गेल्यावर कळलं, भोंग्या. आणि आपण जन्मभर त्यांना खादाड म्हणून चिडवलं. तू आता एक्कावन्नचा आहेस.

आता जे सांगायचं ते सांगते. मागच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सख्खं कुणी आहे का? म्हटलं, धाकटा भाऊ आहे, बस चालवतो. त्यांनी वजन विचारलं, मला माहीत नव्हतं. कंबर किती, म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, चौतीस. त्यांनी लिहून घेतलं, छान म्हणाल्या. मी जिना उतरत होते आणि मधल्या पायरीवर माझे पायच थांबले. कारण तुझी कंबर चौतीस नाही. माझ्या मापाच्या वहीत ती त्रेचाळीस आहे. मी खोटं बोलले हे मला बोलताना कळलंही नव्हतं, इतकी ती सवय जुनी आहे.

पंधरा वर्षांपूर्वी तू डेपोतून मिळालेलं युनिफॉर्मचं कापड घेऊन आला होतास. चेहरा उतरलेला. स्टोअरच्या कारकुनाने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, याला मीटरभर कापड जास्त द्या रे. तू हसत सांगितलंस, पण जेवला नाहीस. तेव्हा मी छत्तीसची पॅन्ट शिवली आणि आतल्या कंबरपट्टीवर, विकतच्या पॅन्टला असतो तसा, चौतीसचा आकडा शिवला. तू घातलीस, आरशात पाहिलंस, पट्टी उलटून आकडा वाचलास आणि म्हणालास, बघ, मी आहे तसाच आहे. त्या दिवशी तू पोटभर जेवलास. मला वाटलं, एका आकड्याने भावाला बरं वाटत असेल तर कुणाचं काय जातं? मग दर वर्षी अर्धा इंच, कधी एक इंच. मागच्या शिवणीत माया, म्हणजे आतलं जादा कापड, जास्त सोडायची, पुढे चुण्या द्यायच्या, आणि पट्टीवर तेच चौतीस. तू मला शाबासकी द्यायचास, ताईच्या हातची पॅन्ट कधी आटत नाही म्हणून. मी खुश व्हायचे. माझ्या हुशारीवर मी खुश व्हायचे रे!

आणि रविवारी तू फोनवर गंमत म्हणून सांगायला लागलास. गाडीत पाण्याच्या तीन बाटल्या ठेवतोस, तरी घसा सुकतो. लघवीला थांबावं लागतं म्हणून प्रवासी कुरकुरतात. तळव्यांना मुंग्या येतात. बूट चावून झालेली जखम महिना झाला तरी भरत नाही. मी ओरडणार तेवढ्यात तूच म्हणालास, घाबरू नकोस, मला साखरबिखर नाही, डेपोत ज्यांची कंबर चाळीसच्या वर त्यांनाच दर वर्षी रक्त तपासायला पाठवतात, मी पंधरा वर्षं पॅन्टच्या आतली पट्टी बघून फॉर्मवर चौतीस लिहितो, आणि कारकून डोळे मिटून शिक्का मारतो. तू खो खो हसलास. माझ्या हातातून फोन पडला. तुला वाटलं रेंज गेली.

म्हणून हे पत्र. तुझी कंबर चाळीसच्या वर गेल्यापासून माझ्या हातच्या आकड्याने तुला दर वर्षी तपासणीच्या दारातून परत पाठवलं. तुला माझंच इंजेक्शन लागेल की साध्या गोळ्या, की दुसरंच काही, ते डॉक्टर ठरवतील. माझं इंजेक्शनचं पेन मी तुला देणार नाही, मागूही नकोस. तुझ्या बायकोला मी रविवारीच सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि आज सकाळी फोन करून म्हणाली, या. हे पत्र तुमच्याच डेपोच्या गाडीबरोबर पाठवते आहे, उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल, आणि संध्याकाळपर्यंत मीही पोचते. शुक्रवारची रजा टाक, निकाल कळेपर्यंत गाडीवर बसू नकोस. तुझ्या मागे पन्नास माणसं बसलेली असतात. लॅबमध्ये तुझं नाव मी घालून ठेवलं आहे. माझ्यावर चिड, ओरड, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरड, मी ऐकून घेईन. फक्त शुक्रवारी सकाळी पोटात पाण्याशिवाय काही न घालता चिड. आठ वाजता रक्त द्यायचं आहे.

चुकलेली, पण तुझीच,
ताई