तात्कालिक कारण शेवटी लिहायचं

आई, तुझ्या नातीने माझ्याशी बोलणं टाकलंय. तू तिला पाहिलेलं नाहीस, ती जन्मली तेव्हा तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता पंधरावं लागलंय. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. आम्ही ॲमस्टरडॅमच्या कडेला डीमनमध्ये राहतो. जगभर एका रोगाची साथ आहे, त्यामुळे तिची शाळा घरात, आमची ऑफिसं घरात, अंधार पडला की संचारबंदी, आणि खालून रिकामी ट्राम जाते तिचा आवाजसुद्धा सोबतीसारखा वाटतो. अशा एवढ्याशा घरात अबोला धरला की तो जेवणाच्या टेबलावर येऊन बसतो. बायको म्हणते, "बापलेक सारखेच हट्टी, मी कुणाकुणाला समजावू?" आणि कॉल आहे म्हणून आतल्या खोलीत जाते.

इथे या वर्षी मुलांना विषयांचा गट निवडावा लागतो, आपल्याकडे दहावीनंतर निवडतात तसा. तिला इतिहासाचा हवाय, मी गणित-विज्ञानावर अडून बसलोय. शुक्रवारपर्यंत शाळेला कळवायचं आहे आणि पालकांच्या होकाराशिवाय काही पुढे सरकत नाही. पण बोलणं बंद कशामुळे झालं विचारशील, तर पावामुळे. पोळीभाजी तयार असताना तिने पावावर लोणी आणि चॉकलेटचा चुरा घालून घेतला, इथली पोरं खातात तसा. मी म्हणालो, "हे काय जेवण झालं? पोट भरत नाही असंच सगळं निवडायचं ठरवलंयस का?" ती ताट तसंच टाकून उठली.

माझी सहामाहीची उत्तरपत्रिका तुला आठवते का? तू शाळेत इतिहास शिकवायचीस आणि माझ्या नशिबाने माझ्याच वर्गाला शिकवायचीस. 'रशियन राज्यक्रांतीची कारणे लिहा' या प्रश्नाला मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की लोकांना पाव मिळेना म्हणून क्रांती झाली. वर्गात तू काही बोलली नाहीस. घरी कुकर लावता लावता मला ओट्याजवळ बोलावलंस. "पाव मिळाला नाही म्हणून कुणी झार उलथवत नाही. तुला पोळी मिळाली नाही तर तू काय करशील? रुसशील. क्रांती व्हायला आधी खूप साचावं लागतं. तात्कालिक कारण शेवटी लिहायचं, ते फक्त ठिणगी असतं." मग माझे मार्क कापलेस, आणि वर्गातल्या इतरांपेक्षा जास्तच कापलेस.

परवा तुझ्या नातीला वर्गापुढे, म्हणजे लॅपटॉपपुढे, बोलायचं होतं. विषय तोच, रशियात झारविरुद्ध लोक का उठले. तिच्या खोलीत नेट धड चालत नाही म्हणून नाइलाजाने बाहेर टेबलाशी बसली होती. मी मागे ओट्याशी कांदा चिरत होतो, श्वाससुद्धा जपून घेत. शाळेची भाषा डच, मला ती बरीच समजते. ती सांगतेय की शेतकऱ्यांची गुलामी सुटली पण जमीन त्यांची झाली नाही. कारखान्यातल्या माणसांना कुणी विचारत नव्हतं. लढाईवर पाठवलेल्या शिपायांना बंदुका पुरत नव्हत्या. मग म्हणाली, त्याच्याही आधी एकदा हजारो मजूर झारच्या तसबिरी हातात धरून महालाकडे निघाले होते. त्यांचा झारवर राग नव्हता. त्यांना वाटायचं, त्याला कुणी खरं सांगत नसेल, कळलं तर तो ऐकेल. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. "ते त्याला बाप म्हणायचे," ती म्हणाली, आणि मध्येच आपला शब्द वापरला, "आमच्याकडे म्हणतात तसं, बाबा."

माझी सुरी थांबली. ती शेवटाकडे आली होती आणि पावाच्या रांगांचं नावसुद्धा तिने घेतलं नव्हतं. आणि मी, तुझ्या हाताखाली शिकलेला पोरगा, राहवलं नाही म्हणून मोठ्याने बोलून गेलो, "अगं, तात्कालिक कारण राहिलं!"

माइक सुरू होता. पडद्यावरचे सगळे चेहरे हसायला लागले. शिक्षकांनी विचारलं, वडील काय म्हणतायत? ती कानापर्यंत लाल झाली. "ते म्हणतायत, पाव राहिला," एवढं सांगून तिने पावाच्या रांगांचं चार वाक्यांत उरकलं, लॅपटॉप मिटला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"इट वॉझन्ट द ब्रेड, बाबा."

"मला माहीत आहे. तुझी आजी हेच शिकवायची."

"तिने विचारलं होतं तुला?" हे मात्र मराठीत. "तुला काय शिकायचंय ते?"

"हो, विचारलं होतं," मी म्हणालो. ती "ओके" म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी तू पोळ्या लाटत होतीस. "सोमवारी सायन्सच्या ॲडमिशनला जायचंय," म्हणालीस. मी नुसतं "आई, मला" एवढंच म्हणालो होतो. "इतिहास मी शिकवते, त्यात काय आहे ते मला माहीत आहे," असं म्हणून तू पोळी उलटलीस. बाबांच्या माघारी एकटीने घर चालवत होतीस, घाबरली असशील. मायेपोटीच केलंस, मला कळतं. झारसुद्धा आपल्या पोरांवर जीव टाकायचा म्हणतात.

आज सकाळी मी शाळेला होकार कळवला आणि तिच्या दारावर टकटक केली. म्हणालो, आजीने नव्हतं विचारलं. ती बाहेर आली आणि चहा घेऊन माझ्या शेजारी बसली.

मला इतिहासच घ्यायचा होता, आई. त्यावरून तुझा राग यायचा, अजून येतो, आणि तू नाहीस म्हणून तो कमी झालेला नाही. तू असतीस आणि तुला पत्र पोचत असतं, तरी हे मी पाठवलं नसतं. पोरीने मला तोंडावर विचारलं. तुझ्यासमोर उभं राहून बोलायची छाती मला या वयातही झाली नसती.