सोबत : आधारची साक्षांकित प्रत

२७ जुलै, शनिवार. सकाळी ७.१०
अखेर सरकारने माझी दखल घेतली. पेपरात पान एकवर आहे. ऑनलाइन प्रसारणाचा नवा कायदा येतोय. टीव्हीवाल्यांसारखेच यूट्यूबवर बातम्या सांगणारेही म्हणे त्यात येणार. नोंदणी करा, समिती नेमा, नाहीतर कारवाई. नाव कुणाचंच नाही, पण बमरोली रोडवरून ‘निर्भीड सुरत’ हे मराठी चॅनेल चालवणारा सबंध देशात मी एकटाच आहे. सबस्क्रायबर २१२.

रजनीला वाचून दाखवलं. तिने गॅस बंद केला का ते विचारलं.

संकल्प : १) घाबरायचं नाही. २) कायद्याच्या चौकटीत राहून घाबरायचं नाही. ३) बॅग भरून ठेवायची. ४) ही रोजनिशी कुणालाही दाखवायची नाही. जप्त झाल्यास नाइलाज.

२७ जुलै, दुपारी
बॅग भरली. दोन बनियन, बीपीच्या गोळ्या, इसबगोल, राज्यघटना (संक्षिप्त).

२८ जुलै, रविवार
गजेंद्र आला. मागच्या गल्लीत राहतो, पांडेसऱ्यात एका डाईंग मिलमध्ये मशीनवर आहे. मूळचा अमळनेरकडचा. त्याच्या गल्लीत गटारीचं पाणी उलटं येतं, तेही रंगीत. मिलमध्ये आज कुठला रंग लागलाय, हे गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून सांगतात. परवा मरून रंग होता. पोरांच्या पायांना फोड आलेत. हे सगळं तो कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झाला. अट एकच, पाठमोरा बसेन. म्हणाला, “भाऊ, मन्हं नाव कोठेबी येवाले नको.”

शब्द दिला. चौतीस वर्षं बँकेत होतो, शेवटची नऊ केवायसी विभागात. गुप्तता माझ्या रक्तात आहे.

मग त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला. नाव, पत्ता, मिलचं नाव, खातं, पाळी. आधारची झेरॉक्स, मिलच्या ओळखपत्राची झेरॉक्स. दोन्हींवर ‘मूळ प्रतीवरून पडताळले’ असा शिक्का मारून सही केली. शिक्का मी रिटायर होताना चुकून घरी आणला होता. गजेंद्र म्हणाला, नाव येणार नाही तर हे कशाला? सांगितलं, उद्या सरकारने विचारलं की हा माणूस खरा कशावरून, तर? कुलपात राहील. त्याने सही केली. विश्वास टाकणारी माणसं अजून आहेत.

३० जुलै, मंगळवार
व्हिडिओ टाकला. एकूण चौदा मिनिटं. पहिली चार माझ्या प्रस्तावनेची.

२ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ८.४०
धक्कादायक. पहिल्या दिवशी पंचवीस जणांनी पाहिला, ते नातेवाईक. त्यानंतर मात्र आकडा रोज बरोबर एकाने वाढतोय. रोज सकाळी साडेआठला. आणि आलेखावर दिसतं, तो माणूस माझी प्रस्तावना वगळून थेट पाचव्या मिनिटाला, गजेंद्र बोलतो तिथे जातो. तिथून शेवटपर्यंत.

दिल्ली.

श्वेताला सांगितलं. मुलगी असून तिने हसावं? म्हणाली, पप्पा, दिल्लीला नऊच्या आधी कोण ऑफिसमध्ये येतं. मी म्हटलं, हीच तर त्यांची पद्धत.

४ ऑगस्ट, रविवार
कायदा यायच्या आधीच समिती नेमली. आशय मूल्यमापन समिती. सदस्य : रजनी, श्वेता, आणि समोरच्या ब्लॉकमधले बन्सीलाल गुरुजी, जे कुठल्याही समितीला नाही म्हणत नाहीत. अध्यक्ष मी. पहिली बैठक पोह्यांवर.

तीन नवे व्हिडिओ मंजुरीला ठेवले. खड्ड्यांचा : रजनीने नामंजूर केला, तिचा मावसभाऊ महापालिकेत आहे. बँकांच्या रांगांचा : गुरुजींनी नामंजूर केला, माझं पेन्शन तिथूनच येतं याची मला आठवण करून दिली. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचा : श्वेताने. कारण काय, तर मी सुरुवातीला गातो.

गजेंद्रचा व्हिडिओ मात्र रजनीने शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, हा ठेवा, फक्त तुम्ही मध्येमध्ये बोलू नका.

मंजूर झालेला एकमेव नवा विषय : रजनीची डाळिंब्यांची उसळ.

५ ऑगस्ट, सोमवार
उसळ ६४० जणांनी पाहिली. नोंद केवळ वस्तुस्थिती म्हणून.

आज महत्त्वाचं काम केलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं घेतल्याशिवाय प्रसारण करणं चूक, उद्या दिल्ली हेच विचारणार. म्हणून मिलच्या मॅनेजरना रजिस्टर एडी पत्र पाठवलं. ‘आपल्या कर्मचाऱ्याने खालील आरोप केले आहेत. सात दिवसांत खुलासा करावा. सोबत : १) व्हिडिओची लिंक. २) कर्मचाऱ्याचा भरलेला अर्ज. ३) आधारची साक्षांकित प्रत.’

सोबत काही न जोडता पत्र पाठवायला मी काही प्रायव्हेट बँकेतला नाही.

पाकिटावर लाल शाईने ‘गोपनीय’ लिहिलं. दोनदा अधोरेखित. म्हणजे गजेंद्रला दिलेला शब्दही पाळला गेला. समितीला विचारलं नाही. पत्र हा आशय नव्हे, पत्रव्यवहार आहे.

८ ऑगस्ट, गुरुवार
पोचपावती आली. मिलचा गोल शिक्का, व्यवस्थित. खुलासा नाही. खाई त्याला खवखवे.

गजेंद्रला फोन केला. उचलला नाही. पाळीवर असेल.

१० ऑगस्ट, शनिवार
परत उचलला नाही. आता मात्र मनाला लागलं. मागच्या महिन्यात हाच म्हणाला होता, भाऊ, यंदा कानबाईला नक्की या, विसर्जनानंतर रोटही देऊ. कानबाई ही खानदेशातली श्रावणातली देवी, आणि तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणजे त्याने मला भाऊबंद मानलं होतं. रजनीला दहा वेळा सांगितलं होतं.

१२ ऑगस्ट, सोमवार. दुपारी
बोलावणं नसताना गेलो. मोठेपणा कुणीतरी दाखवायलाच हवा. नारळ नेला. गल्लीत पाणी होतं, आज हिरवं. विटांवरून गेलो.

कानबाई विसर्जनाला उठून गेली होती, चौरंगाजवळ फुलं पडलेली. भाऊबंद पंगतीला बसलेले. मला बघून गजेंद्र पाणी आणतो म्हणून उठला तो परत आलाच नाही. त्याची बायको जयश्री, तिने नारळ घेतला, चौरंगावर ठेवला, मला चहा दिला. रोट नाही. ताटं माझ्यासमोर फिरत होती आणि मला रोट नाही. असा अपमान बँकेत मॅनेजरने माझं ओव्हरटाइमचं बिल फाडलं तेव्हाही झाला नव्हता.

परतताना गुरुजी भेटले. त्यांना कळलं होतं की गजेंद्र शुक्रवारपासून घरीच आहे, मिलने ब्रेक दिलाय. म्हटलं, बघा, सणासाठी सुट्टी दिली, मिलवाले दिसतात तेवढे वाईट नाहीत. गुरुजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. वर्गात पाढा चुकल्यावर बघायचे तसं.

१३ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी ७.०५
विश्वासघात. शुद्ध विश्वासघात. सरकारने कायद्याचा मसुदा मागे घेतला. ज्यांना ज्यांना प्रती वाटल्या होत्या त्यांच्याकडून म्हणे परत मागवल्या. पुन्हा सल्लामसलत, पुन्हा नवा मसुदा, केव्हा ते माहीत नाही.

सतरा दिवस मी तयार बसलो होतो. समिती नेमली, नोंदी ठेवल्या, दुसऱ्या बाजूचं म्हणणं मागवलं. आणि सरकार एका ओळीत माघार घेतं. निदान मला तरी कळवायचं. बॅगेतले बनियन रजनीने काढून घडी केले, बॅग तिला वडोदऱ्याला भाचीकडे न्यायची आहे.

संध्याकाळी समितीची तातडीची बैठक. ठराव मांडला : कायदाच नसल्याने समिती बरखास्त करावी. तीन विरुद्ध एक, फेटाळला. रजनी म्हणाली, समितीचा तिला घरात फार उपयोग होतोय.

१५ ऑगस्ट, गुरुवार
सोसायटीचं झेंडावंदन. माझं भाषण ‘बोलण्याचं स्वातंत्र्य आणि मी’. गुरुजींनी दोन मिनिटं दिली. आजच्या दिवशी.

खरा कार्यक्रम पुढे होता. गजेंद्रचा सत्कार ठेवला होता. ‘निर्भीड साक्षीदार’ असं प्रमाणपत्र छापून लॅमिनेट केलं, खाली त्याचं पूर्ण नाव, मिल, खातं. पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली. निरोप जयश्रीकडे दिला होता. तो आला नाही. खुर्चीवर शेवटी कुणाचीतरी छत्री ठेवली.

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

श्वेताने प्रमाणपत्र वाचलं आणि विचारलं, पप्पा, तो तर पाठमोरा बसला होता ना? मी म्हटलं, सत्काराला कुणी पाठमोरं बसत नाही. ती जेवायला थांबली नाही.

१८ ऑगस्ट, रविवार. सकाळी ९.१५
साडेआठला आकडा ४३. आताही ४३. आज वाढला नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

दिल्लीनेही सोडलं.

सबस्क्रायबर २०९. कोण तिघं गेले ते शोधतोय. श्वेता म्हणते, मी नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार
अकरा वाजता जयश्री आली. मी समजलो सत्काराबद्दल दिलगिरी सांगायला. प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं. तिने शेजारी एक झेरॉक्स ठेवली. माझंच पत्र. ‘सोबत’पासून खालचा सगळा भाग निळ्या पेनाने गोल केलेला.

मॅनेजरने ते खात्यातल्या सगळ्यांसमोर गजेंद्रकडून मोठ्याने वाचून घेतलं होतं. मग आधारच्या झेरॉक्सवरचा फोटो आणि त्याचा चेहरा जुळवून पाहिला, गंमत म्हणून. मग गेटपास काढून घेतला. एका मिलने काढलं की पांडेसऱ्यात दुसरी मिल घेत नाही, नावं फिरतात. पाच दिवस गेटागेटावर फिरून शनिवारी तो गावी गेला. ती आणि पोरं पुढच्या आठवड्यात जातील, खोलीचं बघून.

एवढं सांगून तिने विचारलं, “भाऊ, ही सही तुमनीच शे ना?”

मी समजावलं. पाकिटावर ‘गोपनीय’ लिहिलं होतं, लाल शाईने, पाकीट मिलमध्येच राहिलं असेल. कायदा येणार होता. प्रक्रिया असते. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू यायला लागला. काउंटरवरून लोकांना परत पाठवताना यायचा तो.

तिने ऐकून घेतलं. रडली वगैरे नाही. चहा घेतला नाही. उठताना म्हणाली की व्हिडिओ काढायचा तर आता काढा, गावी लागायचा तो आता लागत नाही. कुठल्या गावी, विचारलं. गजेंद्रची आई, धुरपदाबाई. त्याची पाळी अशी की आईशी बोलणं पंधरा-पंधरा दिवस व्हायचं नाही. बहिणीने हा व्हिडिओ दाखवला. म्हातारीने पाठीवरूनच ओळखलं. मग रोज सकाळी शेजारची सून शेतात जायच्या आधी तिला लावून द्यायची. साडेआठला. तुमचं बोलणं पुढे ढकलून, थेट तो बोलतो तिथून.

ती गेल्यावर रजनीने पत्राची झेरॉक्स दोनदा वाचली. मग मला एवढंच विचारलं, की समिती नेमली होती, तर हे समितीला का दाखवलं नाही.

उत्तर तयार होतं. पत्र हा आशय नव्हे. दिलं नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार
सकाळपासून मिलला दुसरं पत्र लिहितोय. ‘पूर्वीचे पत्र रद्द समजावे, चूक सर्वस्वी निम्नस्वाक्षरीकाराची आहे, कर्मचाऱ्यास कामावर घ्यावे.’ समितीने एकमताने मंजूर केलं. रजनी म्हणाली, पोस्टाने नाही, स्वतः जा. श्वेता रिक्षा बोलावते म्हणाली.

गेलो. गेटवरच्या माणसाने विचारलं, कोणाबद्दल? मी नाव सांगितलं. त्याने रजिस्टर उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, इस नाम का कोई आदमी नहीं है यहाँ. मी म्हटलं, आहे, माझ्याकडे साक्षांकित प्रत आहे. तो हसला. पत्र घेतलं नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी
शिक्का गटारीत टाकला. आज पाणी निळं होतं.

८.३० : आकडा ४३.
८.४५ : ४३.

मीच एकदा लावला. पाचव्या मिनिटापासून. गजेंद्र सांगतोय की पोरांच्या पायांना फोड आलेत, आणि मी मध्येच विचारतोय, कॅमेऱ्याकडे बघता का जरा.

९.०० : ४४. तो मी.