भरदुपारी लागणारं स्टेशन

जानेफळ, १० नोव्हेंबर १९३७

आज सामान लागलं. मेहकर तालुक्यात रस्त्याच्या कामावर ओव्हरशिअर म्हणून बदली झाली तेव्हा नागपूरचे दोस्त मला काळ्या पाण्यावर निघालेल्या माणसासारखा निरोप देत होते. त्यांना काय कळणार? इथं वीज नाही, म्हणजे विजेची खरखरही नाही. घर गावाच्या टोकाला, पुढं नुसती कपाशी. रेडिओ ऐकणाऱ्याला याहून मोठी बढती सरकार देऊच शकत नाही.

मंजुळेला सातवा महिना लागलाय. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच करायचं ठरवलं. शेजारी झुंबरबाई म्हणून सुईण राहते. तिनं आल्या आल्या मंजुळेकडे एकदा पाहिलं आणि मुलगी होणार असं सांगून टाकलं. मला फार आनंद झाला, पण दाखवला नाही. मंजुळा रेडिओला सवत म्हणते. गाडीतून उतरताना तिनं पहिली चौकशी सवतीला धक्का लागला नाही ना याची केली.

१४ नोव्हेंबर

माझा छंद लोकांना समजावून सांगण्यातच माझे केस पांढरे होणार. घरमालक हिंमतराव देशमुख आज गाणी ऐकायला आले आणि तासभर खरखर ऐकून गेले. गाणी काय, मुंबई लावून कोणीही ऐकेल. मला हवं असतं दूरचं, अंधूक, बुडता बुडता वर येणारं स्टेशन, आणि ते कोणतं हे नक्की ओळखायचं असतं. भाषा कोणती, घंटा कशी वाजते, तासाला नाव काय सांगतात, याची वाट बघायची. मग त्यांना पत्र टाकायचं, की तुम्ही आमच्याकडे ऐकू आलात. ते खूश होऊन छापील कार्ड पाठवतात. रंगून, पेशावर आणि कोलंबो माझ्या संग्रही आहेत.

ही दूरची पाखरं सूर्य मावळला की येतात आणि उजाडलं की जातात. दिवसा फक्त जवळचं स्टेशन लागतं, आणि इथं जवळ काहीच नाही. त्यामुळे दुपारी रेडिओचा डबा मुका असतो आणि घरात मंजुळेचं राज्य. तिची जीभ टाळ्याला लागत नाही. बोलून झालं की गाते. आवाज मात्र असा, की मी कितीही कुरकुरलो तरी हातातलं काम थांबतं.

बॅटरीची सोयही झाली. फकीर मोहम्मदची मोटार बाजाराच्या दिवशी इथं येते आणि मलकापूरला जाते. तिथल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात तो बॅटरी भरून आणून देईल. माझ्याकडे दोन आहेत, एक डब्याला लागलेली आणि एक राखीव.

२३ नोव्हेंबर

आज एक नवंच सापडलं. काट्यावर हैदराबादच्या थोडं अलीकडे, तिन्हीसांजेला. पुरुषाचा आवाज, अगदी शांत. आधी वाटलं कानाची चूक आहे, कारण तो माणूस वऱ्हाडी बोलत होता. पुस्तकी मराठी नव्हे. पाणवठ्यावर बोलतात तशी. सगळ्या हिंदुस्थानात असं बोलणारं स्टेशन नाही. तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता: “आयकून राह्यला का कोनी? आयकत असन त ओ द्या.” नाव सांगितलं नाही. तास उलटून गेला तरी नाही.

मी हर्षानं वेडा झालोय. हे कार्ड दुसऱ्या कोणाकडेच नसणार.

२७ नोव्हेंबर

तोच आवाज, तीच वेळ, तेच वाक्य. हिंमतरावांना मुद्दाम बोलावून ऐकवलं. त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला. म्हणाले, सांजच्याले नाव न घेता कोनी हाक मारली तं आमच्या इकडे ओ देत नाही, साहेब, मग तो सख्खा भाऊ असो. मी म्हटलं, हा भाऊ शेकडो मैलांवर आहे, आणि माझा डबा ऐकतो, बोलत नाही. ते हसले नाहीत. जाताना मंजुळेला आत बसायला सांगून गेले.

२ डिसेंबर

आज मी एक गंमत केली.

माझ्या डब्याला एक खोड आहे. आवाज वाढवायची कळ जास्त पिळली की तो स्वतःच शिट्टी वाजवतो आणि ती शिट्टी हवेत जाते. नागपुरात ती शेजारच्या वकिलांच्या रेडिओत निघायची आणि ते काठी घेऊन यायचे. आज त्या आवाजानं पुन्हा ओ द्या म्हटलं तेव्हा मनात आलं, देऊन बघू. पत्र टाकायला पत्ता नाही, मग दाद द्यायची तरी कशी? मी कळ पिळली. डबा शिट्टी वाजवून थांबला.

पलीकडे तो बोलायचा थांबला. मग म्हणाला, “आयकलं.”

मंजुळेनं हातातलं सूप खाली ठेवलं. त्यानं गावांची नावं घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक नावानंतर थोडं थांबायचा. मलकापूर. साखरखेर्डा. जानेफळ. मला वाटलं, कोणी हौशी माणूस घरी यंत्र बनवून बसलाय आणि आपल्याला शोधतोय. जानेफळच्या नावाला मी पुन्हा शिट्टी दिली. तो “हाव” म्हणाला आणि स्टेशन बंद झालं.

मंजुळा म्हणते, उगीच दिली. मी तिला भित्री भागूबाई म्हटलं.

६ डिसेंबर

सकाळी कामावर निघण्याआधी सहज डबा लावला. ऊन अंगणात आलं होतं. रंगून केव्हाच गेलं होतं, हैदराबाद गेलं होतं. तो मात्र होता. बोलत नव्हता. नुसता श्वास.

उजाडल्यावरही टिकतो म्हणजे फार दूर नाही. मेहकर असेल, किंवा लोणार. कामगारांना विचारलं, कोणाकडे असं यंत्र आहे का. नाही म्हणाले.

१० डिसेंबर

भर दुपारी लागलं. एवढं स्वच्छ, की शेजारच्या खोलीत कोणी बसलंय असं वाटावं. दुपारी लागणारं स्टेशन जवळच असावं लागतं. या नियमाला अपवाद मी आजवर पाहिला नाही.

माझी एरियल म्हणजे तारा गुंडाळलेली लाकडी चौकट. ती फिरवली की एका जागी आवाज बुडतो आणि त्यावरून स्टेशनची दिशा कळते. आज मी ती पूर्ण फिरवली. आवाज कुठंच बुडाला नाही. पुन्हा फिरवली. असं एकाच कारणानं होऊ शकतं, चौकट स्टेशनच्या आतच असली तर.

तेवढ्यात त्यानं नाव सांगितलं. दोन-अडीच आठवडे ज्या नावासाठी जीव टाकला ते. म्हणाला, “हे ओव्हरशिअर साहेबाचं घर आहे, जानेफळ.” मी डबा बंद केला. मंजुळेला काही सांगितलं नाही.

१५ डिसेंबर

न लावता राहवत नाही. लावला तर आज पुरुष नव्हता. बांगड्यांचा आवाज. पाट्यावर वरवंटा. मग मंजुळा गात होती. तिनं काल संध्याकाळी तुळशीपाशी म्हटलेलं, मधल्या खोकल्यासकट.

मंजुळा माझ्यामागे उभी राहून ऐकत होती. तिनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज घोगरा निघाला. थंडीनं असेल, असं आम्ही दोघंही म्हणालो.

१९ डिसेंबर

मेहकरच्या डॉक्टरांनी घसा तपासला. काही नाही म्हणाले. गरोदरपणात होतं. तिचा आवाज रोज कमी होतोय आणि डब्यातला रोज भरतोय. तिथं ती हसते, हिशेब करते, मला हाक मारते. इथं कुजबुजते. फकीर मोहम्मद डबा ऐकून म्हणाला, साहेब, ह्याले घरात काऊन ठेवून राह्यले, हे सामान अल्लाच्या हवाली करा. झुंबरबाईनं मंजुळेच्या गळ्यात काळा दोरा बांधला. मी अडवलं नाही. आता कशालाच अडवत नाही.

२६ डिसेंबर

आज ठाम ठरवलं. भरलेली राखीव बॅटरी फकीर मोहम्मदच्या मोटारीत घातली आणि मलकापूरला विकून टाकायला सांगितली. घरात राहिली तर माझा हात पुन्हा डब्याकडे जाईल, माझा मला भरवसा नाही. मोटार गेली. मग डब्याची तार उपटली.

घर शांत झालं. इतकं छान वाटलं. मंजुळेकडे वळलो तर ती भिंतीला टेकून बसत होती. तोंड उघडं. आवाज नाही, कुजबुजही नाही. मग श्वासही — ओठ निळे पडायला लागले. झुंबरबाई पाठ चोळत होती, ओरडत होती. मला कसं सुचलं कोण जाणे. तार जोडली. डब्याचे दिवे तांबूस पेटले आणि डब्यातून मंजुळेनं मोठा श्वास घेतला. इथं तिची छाती हलली.

डब्यातून तिनं मला विचारलं, बंद का केलंत. तिचे ओठ हलले नव्हते.

२७ डिसेंबर

डबा चोवीस तास चालू. जुनी बॅटरी अशी चार-पाच दिवस पुरते. मलकापूरला माणूस पाठवलाय, घोड्यावर. विकली असेल तर दुसरी आण, कितीही पैसे लागोत. फकीर मोहम्मद भला आहे. येईल.

मंजुळेला घेऊन पळून जावं म्हटलं. तिला बैलगाडीत झोपवलं, डबा मांडीवर. वेशीपर्यंतही गेलो नाही. आवाज बुडायला लागला. दुसऱ्या जागी हे स्टेशन लागत नाही. परत आणलं. डब्यातून ती म्हणते, घाबरू नका. मी रडलो, तिच्यासमोरच.

३० डिसेंबर

पहाटे कळा सुरू. दिवस भरायला अवकाश होता. ती ओरडते ते डब्यातून. झुंबरबाईनं कानात कापूस घातलाय, पण ती गेली नाही. देव तिचं भलं करो.

डब्यातले दिवे कालच्यापेक्षा लाल, बॅटरी उतरतेय.

३० डिसेंबर, दुपार

मुलगी. हातपाय धड, डोक्यावर दाट केस. झुंबरबाईनं पाय धरून उलटी केली, थोपटली. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाली, पोरगी जित्ती आहे साहेब, पन रडून नाही राह्यली.

डब्यातून रडू आलं. लहान, कोवळं. आईच्या श्वासाच्या किंचित उजवीकडे.

मला नीट लिहिलं पाहिजे. दोघी एका जागी नाहीत. काटा जरा डावीकडे नेला की मंजुळेचा श्वास मोठा होतो आणि मुलगी निळी पडते. उजवीकडे नेला की मुलगी गुलाबी होते आणि मंजुळा — मधोमध धरलं तर दोघी पुरतात. जेमतेम. डावा हात काट्याच्या बटणावरून काढलेला नाही. उजव्यानं लिहितो. लिहीत राहिलो तर डोळा लागत नाही.

३१ डिसेंबर

मोटार नाही. हिंमतराव रस्त्यावर उभे आहेत, दिसली की हाक देतो म्हणाले.

दिवे अगदी लाल. मधली जागा अरुंद होत चाललीय. बॅटरी उतरली की असंच होतं, अंधूक स्टेशनं दोन एकदम धरता येत नाहीत, हे माझ्याइतकं कोणाला —

मंजुळेनं मुलीला छातीशी घेतलंय. दोघी डोळे उघडे ठेवून माझ्या हाताकडे बघतात.

३१, ऊन उतरताना

बोटं बधिर. जरा हललो, मुलगी थांबली. परत आणलं. मग मंजुळा थांबली. परत. मध्ये आता नुसती खरखर. दोघीही अर्ध्याच.

हिंमतराव काही ओरडतायत. मोटार का? धूळ आहे म्हणतात, मोटारीची की गुरांची ते —

मंजुळा डब्यातून बोलली. अगदी बारीक. उजवीकडे फिरवा म्हणते. मी मान हलवली, नाही. पुन्हा म्हणते. मुलीचं नाव सांगते आहे, मला ऐकू येत नाही, खरखर — नीट सांग, मंजुळा, नाव —

दिवा जातोय. ती हात पुढं करते आहे, माझ्या हातावर ठेवते आहे, बटण तीच फिर—