खोडलेला देवमासा

बॅरो, १२ मे

तीर्थरूप आईस,
बर्फावरून एनोकचा नमस्कार.

मी खुशाल आहे. परवा बर्फाला भेग पडली म्हणून तंबू थोडा मागे घेतला, एवढेच. पायमोजे कोरडे आहेत. तुझा गुडघा कसा आहे?

देवमाशांच्या मोजणीत मंगळवारी माझी चूक झाली. सायलसमामाने पलीकडच्या बर्फाच्या टेकाडावरून बिनतारीवर देवमासा कळवला. तुला ठाऊकच आहे, आपल्या बोलीत त्या शब्दाचे शेवटचे अक्षर घशातून काढले तर एक, जिभेने काढले तर दोन. मामाचे तोंड खाण्याने भरलेले. मी दोन लिहिले.

नंतर विचारले तर म्हणाला, "एकच रे! पण राहू दे. आकडा कमी पडला तर सरकार आपली देवमाशांची शिकार बंद करील."

"म्हणून खोटं लिहू, मामा?"

"शाळा सोडलीस, पण मास्तरकी काही सुटली नाही तुझी!"

तरी एक खोडला, शेजारी सही केली आणि मोजणीच्या बाईंना दाखवला. तासाभराने मामाच म्हणाला, "बरं केलंस. कागदावरच्या देवमाशानं कुणाचं पोट भरलंय?"

खरे मोजूनही आकडा गेल्या वर्षाच्या पुढे गेला आहे, आणि पिल्लांना घेऊन येणाऱ्या माद्या अजून यायच्याच आहेत. शिकार बंद होईल या भीतीने दादा आपली कातड्याची होडी विकायची म्हणतो, त्याला थांबव. तू पुढच्या वर्षासाठी तिचे नवे कातडे शिवायला घे.

तुझा,
एनोक