चौकटीवरच्या टिकल्या

॥ श्री ॥
कनेरगाव नाका
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. रेणुकास दादाचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर सवयीनं ‘सौ.’ लिहून गेलो, मग खोडलं. पोस्टमनला काय समजायचं ते समजू दे. परवा तुझा फोन आला व्हता, पण माझे कान तुला ठावंच हायत. नुसती घरघर ऐकू येती अन् मी आपला ‘व्हय, व्हय’ म्हणत बसतो. म्हणून हे पत्र.

इकडं समदं ठीक. हळद काढून झाली, आता शिजवायची. तुझी आई गेल्यापासून सकाळी चहा ठेवताना हात अजून दोन कपांचंच पाणी घेतो. उरलेला चहा मी दुपारी पितो.

काम असं, की आपल्या शेजारच्या पुंजाजीच्या गोठ्यात त्याच्या पोरीचं सागाचं कपाट पडून हाय. मी म्हटलं, मी नीट करून देतो, रिकामाच तर हाय. काल धुण्याच्या पावडरच्या पाण्यानं खसाखसा धुतलं, तर वाळल्यावर पांढरं फटक पडलं. मग वाटीभर करडीचं तेल चोळलं. आता धूळ चिकटून ते पार घोंगड्यावानी दिसून राहिलंय. तू त्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचंच काम करतीस. बैजवार लिहून पाठव, मला पहिलीतलं लेकरू समजून.

पाडव्याला येतीस का? दीड वर्ष झालं.

जेवत जा. इथं तुझीच आठवण काढणारा,
दादा


छत्रपती संभाजीनगर
दि. १७ फेब्रुवारी

तीर्थरूप दादांस रेणुकाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून डोक्याला हात लावला. अहो, ते कपाट आहे का म्हैस, पाणी ओतून घासायला? अन् करडीचं तेल भाजीत घाला. बिचारे पुंजाजीकाका काही बोलले नाहीत?

आता नीट ऐका. कपाट सावलीत आठवडाभर वाळू द्या. उन्हात ठेवाल तर फळ्या वाकतील. तेल चढलंय त्यावर टर्पेंटाइनचं फडकं फिरवा, नक्षीत जुना दात घासायचा ब्रश. दारं उघडी ठेवा अन् बिडी लांब ठेवा, नाहीतर कपाटासकट गोठा जाईल. मग बारीक पॉलिशपेपर घ्या, तो लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच चालवायचा. आडवा हात मारला की ओरखडे जन्मभर दिसतात. त्यानंतर पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळा अन् त्यानं पातळ हात द्या. तो वाळला की दुसरा. आधी मागच्या बाजूला करून बघा, समोर प्रयोग नकोत. घाई तर मुळीच नको.

पाडव्याला नाही जमणार, दादा. काहून, ते तुम्हाला ठाऊक आहे. फारकत झाल्यावर वाशिमहून आंदणाचा टेम्पो परत आला, तेव्हा ढाब्यावरची माणसं जेवण सोडून बघत होती. पलंगाच्या फळ्या उतरल्या, कपाट उतरलं, मग मी उतरले. मला तो नाका नको वाटतो अन् ते सामान तर डोळ्यांसमोर नको. इथं बरं आहे. खोलीत कोणी नाही, त्यामुळं विचारणारंही कोणी नाही. रविवार तेवढा सरता सरत नाही.

औषध वेळेवर घ्या. माया आहेच, ती तशीच राहू द्या.

आपली,
रेणुका


॥ श्री ॥
कनेरगाव नाका
दि. ४ मार्च

चि. रेणुकास अ. आ.

तू सांगितलंस तसं बराबर करून राहिलो. पण पहिला हात जाड झाला अन् चिकट राहिला. त्यात गल्लीत हळद पॉलिश करायचा ड्रम सुरू झालाय, समदी पिवळी धूळ उडून वर बसली. कपाट हळद लागलेल्या नवरदेवावानी झालं. पुंजाजी पोट धरून हसला. मग पुन्यांदा समदं घासलं. पुंजाजी रोज येऊन बसतो, काहीबाही बोलत राहतो. मला त्यातलं निम्मं ऐकू येत न्हाई, पण माणूस समोर बसलेलं बरं वाटतं.

एक अडचण हाय. कपाटाच्या आरशाच्या चौकटीला अजून हात लावला न्हाई, तिच्यावर टिकल्या चिकटवलेल्या हायत. लाल, मरून, एक हिरवी, लई हायत. पोरगी मोठी हौशी असंल. मी काम थांबवून त्या बघत बसतो. वाटतं, चला, लेकरू आरशापुढं नटलं-थटलं, चार दिवस तरी सुखाचे गेले त्याचे. म्हणून काढायला हात व्हत न्हाई. पण काढल्याबिगर पॉलिश कसं बसंल? त्यांचा चिकटा कशानं निघतो, ते कळव.

पाडव्याचं पुन्यांदा इचार कर. बळजबरी न्हाई.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
दादा


छत्रपती संभाजीनगर
दि. ११ मार्च

दादांस नमस्कार.

पुंजाजीकाकांना तिन्ही पोरगेच, हे मला पहिल्याच पत्राला आठवायला हवं होतं. पोरगी त्यांना कधी झाली? खोटं बोलायचं तर जरा नीट तरी बोलायचं. ते कपाट माझं आहे.

काहून बाहेर काढलंत ते? विकायचं असेल तर विका, मला विचारू नका. अन् मला बघायला कोणी येणार असेल, त्यासाठी ही सजावट चालली असेल, तर आताच सांगते, मी कोणासमोर चहाचा ट्रे घेऊन उभी राहणार नाही.

त्या टिकल्यांचंही तुम्ही भलतंच मनात धरलंय. मी तिथं नटले नाही, दादा. रडून झालं की तोंड धुवायच्या आधी टिकली काढायची अन् चौकटीला लावायची. मग तोंड पुसून नवी टिकली लावायची, म्हणजे सासूला काही कळायचं नाही, अन् स्वयंपाकघरात जायचं. आईला फोनवर ‘मजेत आहे’ सांगायची, तेही त्याच आरशासमोर उभी राहून. त्या बघून सुखी होऊ नका. मला सहन होत नाही.

टर्पेंटाइननं निघतात. काढून टाका.

रेणुका


॥ श्री ॥
कनेरगाव नाका
दि. १८ मार्च

चि. रेणुकास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं अन् दोन दिवस गोठ्याकडं गेलोच न्हाई.

विकायचं न्हाई अन् बघायला कोणी यायचं न्हाई. तुझ्या आईची आण. ते कपाट आपल्या शेताच्या धुऱ्यावरच्या सागाचं हाय. तू झालीस तवा रोप लावलं व्हतं, लग्नात तोडलं अन् जळबा सुताराकडून कपाट करून घेतलं. मला वाटलं, तू येत न्हाईस ती या सामानापायी. आपल्याच गोठ्यात पोत्याखाली पडलेलं दिसलं की लेकराला तकलीफ व्हईल. म्हणून म्हटलं, नीट करून घरात लावावं. माझी धोतरं, तुझ्या आईची लुगडी त्यात ठेवावी. मग ते आंदणाचं राहायचं न्हाई, घरचं कपाट व्हईल. खरं सांगितलं असतं तर तू मला काहीच शिकवलं नसतंस. पत्रंबी आली नसती. पत्र यायलं तवा घरात कोणी तरी हाय, असं वाटून राहिलं.

टिकल्या काढल्या. एकेक काढताना लई रडलो, पोरी. मी तुझा बाप, अन् मला त्यातली एकबी ठावी नव्हती.

पण त्यांच्या जागी फिकट गोल डाग राहिलेत. घासून घासून बोटं सोलली, जाईनात. ते डाग हायत तोवर मी पॉलिशचा शेवटचा हात देणार न्हाई. तुला यायचं नसंल तर नको येऊस. फकस्त ते डाग कसे घालवायचे, तेवढं लिही.

तुझा,
दादा


छत्रपती संभाजीनगर
दि. २४ मार्च

तीर्थरूप दादांस रेणुकाचा साष्टांग नमस्कार.

आधी हातातला पॉलिशपेपर खाली ठेवा. आता आणखी घासू नका, चौकट झिजून जाईल अन् तुमची बोटंही.

ते डाग नाहीत, दादा. टिकलीखाली धूर पोचला नाही, धूळ पोचली नाही, कोणाचा हातही पोचला नाही. म्हणून तेवढं लाकूड आपल्या सागाच्या मूळ रंगाचं राहिलंय. मळ बाकीच्याला चढलाय. रोज दुसऱ्यांच्या कपाटांवर मी हे बघते, अन् माझ्याच कपाटाचं मला तुमचं पत्र वाचेपर्यंत सुचलं नाही. पत्र वाचून मीही रडले. मग तोंड धुतलं. टिकली हल्ली लावत नाही, त्यामुळं चिकटवायला काही नव्हतं.

शनिवारी दुपारच्या एसटीनं येते. नाक्यावर सकाळपासून येऊन उभे राहू नका, ऊन लई आहे. ढाब्यावरच्यांना बघायचं तर बघू द्या, या खेपेला टेम्पो नाही, एक पिशवी आहे. रविवारी गुढी उभारू अन् मग शेवटचा हात देऊ. चौकटीवरच्या खुणा तशाच ठेवू, मला त्या आता चालतील.

पुंजाजीकाकांना सांगा, त्यांची पोरगी येतेय.

अन् शनिवारी चहाला दोन कपांचंच पाणी ठेवा. उरणार नाही.

आपली,
रेणुका