नॉर्वेची दुभाषी आणि आपली विहीर

बा, तुला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली आणि मी आज तुझ्यावर चिडून पत्र लिहायला बसलेय. चौथीपर्यंतच शिकवलंस, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर ते तुझ्या माथी. कॅनडात मिल्टनला लेकाच्या घरी आहे. तो बाहेर ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करतोय, मी किचनमध्ये. आधी आनंदाचं सांगते, मग भांडते. तुझी पणती, माझ्या लेकाची लेक, दुभाषी झालीय. अरबी येतं, फ्रेंच येतं, माझ्याशी मात्र मराठी बोलता बोलता इंग्रजीत घसरते. कॅनडाला दीडशे वर्षं झाली त्या उन्हाळ्यात तिला नॉर्वेवाल्यांनी कामाला घेतलं. मी ऐकलं नार्वे. गोव्याकडचं नार्वे! रविवारी चर्चमध्ये मराठी मिस्सा झाल्यावर पॅरिशच्या हॉलमध्ये सगळ्यांना सांगून मोकळी झाले, की नात गोव्याला चालली, सरकारी कामावर. एक जण म्हणाली, "मग मावशी, येताना काजू आणायला सांगा!" घरी आल्यावर लेकानं नकाशा दाखवला. मी म्हटलं, "एवढासा देश, त्यात अर्धं बर्फ. ह्यांना कसली सरकारी कामं रे?" तो म्हणाला, "आई, आफ्रिकेत कुठं दोन बाजू लढत असल्या की हे मध्ये बसतात. दोघांना बोलायला लावतात." तेव्हा मला तू आठवलास. तूही तेच करायचास की. आख्ख्या आळीची भांडणं आपल्या ओटीवर यायची.

दुभाष्याचं काम म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, आजी, समोरचा बोलतो ते मी जसंच्या तसं दुसऱ्या भाषेत बोलते. तो म्हणाला 'मी माझी माणसं मागं घेणार नाही', तर मीपण म्हणते 'मी माझी माणसं मागं घेणार नाही'. मला हसूच फुटलं. ही पोरगी मुंगीला घाबरते आणि तिथं बसून बंदूकवाल्यांचं 'मी, मी' करते. पण तिचं स्वतःचं 'मी' तिथं चालत नाही. एक शब्द आपल्या पदरचा घातला की घरी पाठवतात. तो देश कुठला ते ती मला सांगत नाही आणि मी विचारत नाही, कारण माझ्या पोटात काही राहत नाही हे तिला काजूच्या वेळेपासून ठाऊक आहे.

आता भांडणाचं. त्या विहिरीचा दिवस आठवतो तुला? मला आठवतो. मी दहा वर्षांची, ओटीवर चहा घेऊन आलेय. दोन चुलतभाऊ, एकाच विहिरीवर दोघांचे रहाट, पाण्याच्या पाळीवरनं डोकी फुटायची वेळ आलेली. तू मध्ये बसलायस, हळू आवाजात बोलतोयस, आणि दुपार कलता कलता ठरवलंस: एक दिवस ह्याचा, एक दिवस त्याचा. सगळे वाहवा करतायत. मी म्हटलं, "आणि मागल्या घरच्या काकूची पाळी कुठली?" विधवा बाई ती, तिचा पानवेलीचा एवढासा तुकडा त्याच विहिरीवर, ती मधल्या वेळात हातानं शेंदून न्यायची. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. "आत जा. बाप्ये बोलतात तिथं पोरीनं तोंड घालायचं नाही." सगळे हसले. मग सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी वाटली, गोड तोंड करून भाऊ घरी गेले. मधला वेळच उरला नाही, काकूच्या वेली त्या उन्हाळ्यात वाळल्या, बा. तुझं नाव मात्र पार पुढच्या गावापर्यंत गेलं, शहाणा माणूस म्हणून.

तर झालं काय, एका दुपारी नातीचा टॅबवर व्हिडिओ कॉल. डोळे सुजलेले. तिथल्या हॉटेलात दोन्ही बाजूंचे पुढारी बसलेत, एक रस्ता खुला करायचा म्हणजे पळालेली माणसं गावाला परततील, असं ठरत आलंय. नॉर्वेवाले खूश. आणि त्याच गावांतल्या बायका चार दिवस खाली लॉबीत बसून आहेत. त्यांना वर घ्यायला एकही बाजू तयार नाही. का, तर म्हणे ह्या कुणाच्या बाजूच्या? वॉशरूममध्ये त्यांनी हिला गाठलं आणि सांगितलं, त्या रस्त्यावरच्या सगळ्या विहिरी बुजवल्यात. पोरंबाळं घेऊन माणसं निघाली तर तिसऱ्या दिवशी तहानेनं मरतील. बंदूकवाल्यांना विहीर कशाला दिसेल, त्यांना पाणी दुसरंच कुणीतरी आणून देतं!

"मग सांग ना वर जाऊन," मी म्हटलं.

"आजी, आय कान्ट. दॅट्स नॉट माय जॉब. काढून टाकतील मला."

माझं डोकं असं तापलं, की तोंडातनं खोटं निघून गेलं. म्हटलं, "ऐक. तुझ्या पणजोबाच्या बैठकीत मी अश्शीच मध्ये बोलले होते. दहा वर्षांची होते. त्यानं सगळ्यांना गप्प केलं, सरकून मला शेजारी बसवलं, म्हणाला, बोल बाय, आम्ही ऐकतो."

"रिअली, आजी?"

"तर काय! तू त्याची पणती ना?"

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तिनं नॉर्वेवाल्यांच्या साहेबाला गाठलं आणि म्हणाली, हे भाषांतर नाही, हे मी बोलतेय. भला माणूस, ऐकून घेतलं. मग अर्धा दिवस खुर्च्यांवर वाद. बायकांच्या खुर्च्या टेबलाच्या ह्या अंगाला की त्या अंगाला! माणसं मरतायत आणि हे खुर्च्या सरकवतायत. शेवटी दोन बायका आत बसल्या, आणि कागदावर आलं की आधी विहिरी उपसायच्या, मग रस्ता. तो कागद टिकेल का देव जाणे, मागच्या आठवड्यात परत गोळीबार झाला म्हणते. हिला समज मिळाली, की पुन्हा असं करायचं नाही. नोकरी राहिली.

आता ती जिथं तिथं तुझी गोष्ट सांगते. तिच्या कॉलेजात बोलायला बोलावलंय, तिथंपण सांगणार आहे. तुझा एकुलता एक फोटो मागितला, मी दिला. खरं सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा जेवलीस का विचारलं. काकूच्या वेली वाळल्या त्या वाळल्याच, आणि वाहवा पुन्हा तुझीच, तीसुद्धा इंग्रजीत!

हे पत्र तिला दाखवणार नाही, तुला तर पोचायचंच नाही. तरी आज लिहून काढलं त्याला कारण आहे. ती गोष्ट इतक्यांदा ऐकली, की परवा भांडी विसळताना मला तू सरकून जागा करताना दिसलास, अगदी स्वच्छ. मी घाबरले, बा. आत जा म्हणाला होतास तू. तो आवाज आठवायला मला आता जरा वेळ लागतो.